घटक ७ : सूचनापत्रातून घडणारा संवाद-सहायक

७.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला आज्ञावलीची एकही ओळ न लिहिता, केवळ मराठीतून नेमके सूचनापत्र लिहून स्वतःच्या उपयोगाचा संवाद-सहायक तयार करता येईल; सूचनापत्रातील भाषिक निवडींची कारणे सांगता येतील; बोलीतील निवेदनाचे कार्यालयीन मराठीत रूपांतर होताना अर्थ कोठे निसटतो, हे ओळखता येईल; आणि तयार झालेल्या सहायकाची परीक्षा घेता येईल.

७.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, मागील घटकांत आपण अर्जलेखन, अहवाललेखन आणि इतिवृत्तलेखन यांचा अभ्यास केला. त्या सर्व प्रकारांत वाचणारा माणूस होता. या घटकात प्रथमच आपण अशा मजकुराचा विचार करणार आहोत, ज्याचा पहिला वाचक यंत्र आहे. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा शब्द ऐकताच मराठीच्या विद्यार्थ्याने हा विषय संगणकशाखेचा म्हणून बाजूला ठेवावा, असा एक समज आढळतो. तो समज येथे सोडून द्यावा लागेल. संवाद-सहायक घडविण्याच्या कामात आज जे कौशल्य सर्वांत अधिक लागते, ते आपल्याच विषयाचे आहे. कोणाला, कोणत्या प्रयोजनाने, कोणत्या प्रयुक्तीत, किती आणि काय सांगायचे हे ठरविणे, हेच ते कौशल्य होय.

या अभ्यासक्रमाचे अनेक विद्यार्थी नोकरी, शेती अथवा घर सांभाळून शिकतात. कोणी चोपड्याला अंगणवाडीत काम करीत असेल, कोणी साक्रीच्या बाजारात दुकान चालवीत असेल. गावात 'शिकलेला' म्हणून अर्ज लिहून देण्याचे काम बहुधा अशांकडेच येते. म्हणून या घटकाचे मुख्य उदाहरण म्हणून आपण माहितीच्या अधिकाराखालील अर्ज तयार करण्यास साह्य करणारा सहायक घेणार आहोत. हा अर्ज दिसतो सोपा. परंतु भाषिक दृष्टीने तो पुरेसा अवघड आहे, आणि त्यात चूक झाली तर अर्जदाराचा महिना वाया जातो.

७.३ पार्श्वभूमी : संहिता आणि यंत्र

यंत्राशी लेखी संवाद साधण्याचा पहिला गाजलेला प्रयोग १९६६ सालचा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा कार्यक्रम तयार केला. त्यातील एक गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. एलायझाचे यंत्र एक होते आणि संभाषणाची संहिता वेगळी होती. मानसोपचारतज्ज्ञाप्रमाणे बोलणारी संहिता सर्वांत प्रसिद्ध झाली. पण ती काढून दुसरी घालता येत असे. अर्थात ती संहिता म्हणजे नियमांची यादी होती, आणि ती लिहिण्यास यंत्राची रीत ठाऊक असावी लागे.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅटजीपीटी' लोकांसमोर आले आणि संहिता सामान्य भाषेत लिहिणे शक्य झाले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, त्याच सेवेत आपल्या सूचना व आपले दस्तऐवज जोडून स्वतंत्र सहायक करून ठेवण्याची सोय आली. गूगलच्या 'जेमिनी'त अशा सहायकाला 'जेम' म्हणतात. 'क्लॉड' या सेवेत त्यासाठी 'प्रोजेक्ट' असतो. यांतील काही सोयी विनामूल्य मिळतात, काहींना पैसे पडतात, आणि हे नियम वारंवार बदलतात. म्हणून त्यांची जंत्री येथे देत नाही. ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नाही, त्यांनीही अडून राहू नये. सूचनापत्र मोबाइलच्या टिपणवहीत जतन करावे आणि कोणत्याही संवाद-सेवेत संभाषणाच्या आरंभी ते चिकटवावे. परिणाम जवळपास तोच मिळतो. फक्त दर वेळी चिकटविण्याचा खटाटोप करावा लागतो.

सूचनापत्र दिल्याने यंत्र काही 'शिकत' नाही, हे ध्यानात ठेवावे. या सेवांच्या मुळाशी भाषा-प्रतिमान असते. प्रचंड मजकुरावरून, समोर आलेल्या शब्दांनंतर कोणते शब्द येणे संभवते, याचा अंदाज बांधण्यास ते घडविलेले असते. तुमचे सूचनापत्र आणि जोडपत्रे प्रत्येक संभाषणाच्या आधी त्याच्यासमोर ठेवली जातात, एवढेच. नव्या कारकुनाच्या टेबलावर काचेखाली सरकवलेल्या कागदासारखी ती असतात. कागदावर जे नाही, तेथे तो आपल्या सर्वसाधारण समजुतीने काम चालवतो. आणि ती समजूत बहुतांशी इंग्रजी मजकुरावर पोसलेली असते.

७.४ उदाहरणाचा विषय : माहितीचा अर्ज

माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. त्याचे कलम ६ भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावे. अर्ज इंग्रजीत, हिंदीत अथवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत करता येतो. माहिती कशासाठी हवी, हे अर्जदाराने सांगण्याचे कारण नाही. संपर्कासाठी आवश्यक तेवढ्या तपशिलापलीकडे त्याच्याकडून वैयक्तिक माहिती मागता येत नाही. आणि ज्याला लेखी विनंती करता येत नाही, त्याची तोंडी विनंती लेखी स्वरूपात आणण्यास जन माहिती अधिकाऱ्याने सर्व वाजवी साह्य केले पाहिजे. थोडक्यात, बोललेले लिहून देणारा सहायक कायद्याने आधीच कल्पिलेला आहे. कार्यालयात तो प्रत्यक्ष किती भेटतो, याचा अनुभव प्रत्येकाने आपापल्या तालुक्यात घ्यावा.

महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क १० रुपये आहे. ते रोख अथवा न्यायालय-शुल्क मुद्रांक, म्हणजे आपण ज्याला कोर्ट फी स्टॅम्प म्हणतो तो लावून भरता येते. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीने पुरावा जोडल्यास शुल्क नाही. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. उत्तर न आल्यास किंवा समाधान न झाल्यास पुढील ३० दिवसांत प्रथम अपील करता येते. त्याचे शुल्क महाराष्ट्रात २० रुपये आहे.

२०१२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयासंबंधी असावा आणि सर्वसाधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा. केंद्र शासनाच्या २०१२ च्या नियमांत हीच मर्यादा ५०० शब्दांची आहे. जळगाव जिल्हा परिषदेकडे जाणाऱ्या अर्जाला पहिला नियम लागू होतो. भुसावळच्या रेल्वे विभागीय कार्यालयाकडे जाणाऱ्या अर्जाला दुसरा. दोन्ही कार्यालये एकाच जिल्ह्यात आहेत; नियमावल्या मात्र दोन. सर्वसाधारण संवाद-सेवेला नुसते विचारले, तर ती केंद्राचा नियम सांगून मोकळी होण्याचा संभव मोठा. कारण त्यावर लिहिलेला मजकूर अधिक आहे. मग चार विषयांचा, साडेतीनशे शब्दांचा सुबक अर्ज तयार होतो आणि जिल्हा परिषदेतून शब्दमर्यादेचे कारण दाखवून परत येतो.

७.५ तक्रारीचे विनंतीत रूपांतर

आता खरा भाषिक प्रश्न पाहू. समजा, एका गावात नळयोजनेची टाकी बांधून दोन वर्षे झाली, पण पाणी आलेले नाही. गावकरी म्हणतो, "दोन वर्षे झाली, पाणी का येत नाही? पैसा कोणी खाल्ला?" ही तक्रार आहे, तीत संताप आहे आणि तो रास्तही असेल. परंतु माहितीच्या अर्जात ती तशीच लिहिली, तर 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही' असे छापील उत्तर येते. कायद्याच्या कलम २ मधील व्याख्येनुसार माहिती म्हणजे कार्यालयाच्या ताब्यात असलेले अभिलेख, दस्तऐवज, आदेश, नोंदी. 'का' हा अभिलेख नव्हे.

जे. एल. ऑस्टिन यांच्या, १९६२ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या विचाराची ओळख आपण भाषाविज्ञानाच्या पत्रिकेत करून घेतली आहे. बोलणे म्हणजे काहीतरी करणे. तक्रार करणे ही एक वाक्कृती, मागणी करणे ही दुसरी. सहायकाचे मुख्य काम एका वाक्कृतीचे दुसरीत रूपांतर करण्याचे आहे. वरील तक्रारीचे रूपांतर असे होईल :

'… गावाच्या नळ पाणीपुरवठा योजनेसंबंधी पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात : प्रशासकीय मान्यतेचा आदेश; ठेकेदारास दिलेला कार्यारंभ आदेश; मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने; आजपर्यंत अदा केलेल्या देयकांचा तपशील; काम पूर्ण झाल्याचा दाखला दिला असल्यास त्याची प्रत.'

पन्नासाच्या आतले शब्द आहेत. 'पैसा कोणी खाल्ला' हे वाक्य कोठेही नाही. परंतु त्याचे उत्तर शोधण्यास लागणारा प्रत्येक कागद मागितलेला आहे. पूर्णत्वाचा दाखला दिला गेला असेल आणि नळ कोरडा असेल, तर पुढे बोलण्यास फारसे काही उरत नाही. संताप गाळला म्हणजे भाषा दुबळी होते, असे ज्यांना वाटते, त्यांनी हा अर्ज आणि मूळ तक्रार अधिकाऱ्याच्या जागी बसून वाचून पाहावी.

७.६ बोलीचा प्रश्न

वरील उदाहरणात गावकऱ्याच्या तोंडी आपण प्रमाण मराठी घातली. धुळे जिल्ह्यात किंवा जळगावच्या पश्चिम तालुक्यांत तो बहुधा असे म्हणेल :

"टाकी बांधी दोन वरीस व्हयनात, पानी उनं नही."

अहिराणीत 'उना, उनी, उनं' म्हणजे 'आला, आली, आले'. अर्थ स्पष्ट आहे : पाणी आले नाही. परंतु अहिराणी न जाणणारा वाचक, मग तो माणूस असो वा यंत्र, 'उनं' हे प्रमाण मराठीतील 'उणं' समजण्याचा धोका आहे. तसे झाले तर वाक्याचा अर्थ 'पाणी उणे नाही', म्हणजे पाण्याची टंचाई नाही, असा नेमका उलटा होतो. अशीच गत 'मना' या शब्दाची. अहिराणीत तो 'माझा', प्रमाण मराठीत ते 'मन' या नामाचे सामान्यरूप. 'शे' म्हणजे 'आहे'. 'आंडोर' म्हणजे मुलगा आणि 'आंडेर' म्हणजे मुलगी. एका स्वराने लिंग बदलते, आणि वारसनोंदीच्या अर्जात तो स्वर किती महागात पडेल याची कल्पना करा. शिवाय खान्देशात 'ळ'च्या जागी 'य' ऐकू येतो : 'डोळा'चा 'डोया', 'काळा'चा 'काया'. आवाजावरून मजकूर टिपणारी सोय अशा ठिकाणी भलताच शब्द उमटवू शकते.

२०११ च्या जनगणनेत 'खान्देशी' या नोंदीखाली १८ लाख ६० हजारांहून अधिक भाषक आहेत. अहिराणी ही त्या नोंदीतील प्रमुख बोली. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात (खंड ९, भाग ३, १९०७) खान्देशीची चर्चा भिल्ल भाषांच्या सोबत, गुजरातीशी असलेल्या नात्याच्या अंगाने केलेली आहे, मराठीच्या खंडात नव्हे. त्या वर्गीकरणावर वाद आहेत आणि ते योग्यच आहेत. परंतु या बोलीला 'बिघडलेली मराठी' समजून वाचणे किती चुकीचे, एवढे तरी त्यावरून कळावे. शब्दकोश आणि व्याकरणे झाली आहेत, नियतकालिके निघाली आहेत. तरीही भाषा-प्रतिमानांना पोसणाऱ्या मजकुरात अहिराणीचा वाटा नगण्यच असणार. म्हणून यंत्र अहिराणी वाचताना चाचपडते, आणि वाईट असे की चाचपडल्याचे दाखवत नाही. ते गुळगुळीत प्रमाण मराठीत उत्तर देते.

आणखी एक गल्लत विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतही आढळते, म्हणून येथेच सांगतो. बहिणाबाई चौधरी यांची भाषा अहिराणी नव्हे. त्यांचा जन्म १८८० सालचा, जळगावजवळच्या आसोद्याचा. त्यांची बोली जळगाव परिसरातील लेवा गणबोली. खान्देशातील प्रत्येक बोलीवर अहिराणीची चिठ्ठी लावण्याची सवय माणसांना आहे, मग यंत्राला का नसावी? बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी टिपून ठेवली गेली म्हणून उरली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, सोपानदेव चौधरी यांच्या प्रयत्नाने आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दिलेली गीतेवरील प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली, हे दुसरे उदाहरण. दोन्ही ठिकाणी लिहून घेणाऱ्याला बोलणाऱ्याची भाषा आतून ठाऊक होती. आपल्या सहायकाला ती तशी ठाऊक नाही, हे गृहीत धरूनच सूचनापत्र लिहावे लागते.

यावर उपाय एकच, आणि तो साधा आहे. सहायकाने अर्ज लिहिण्यापूर्वी, आपल्याला काय समजले, ते प्रमाण मराठीत सांगून दुजोरा घ्यावा. 'गावात पाणी येत आहे, असे तुमचे म्हणणे आहे का?' असा प्रश्न आला, की "नही भो!" हे उत्तर तत्काळ येईल आणि चूक अर्जात शिरण्यापूर्वीच सापडेल.

७.७ सूचनापत्राचा नमुना

आता नमुना पाहू. तो जसाच्या तसा वापरण्यासाठी नाही; तुमच्या तालुक्याप्रमाणे आणि गरजेप्रमाणे बदलण्यासाठी आहे.

'तू माहितीच्या अधिकाराचा अर्ज तयार करण्यास मदत करणारा सहायक आहेस. तुझ्याशी बोलणारी व्यक्ती जळगाव किंवा धुळे जिल्ह्यात राहते आणि ती अहिराणी, लेवा गणबोली अथवा प्रमाण मराठी बोलते. तू नेहमी सोप्या प्रमाण मराठीत उत्तर दे. समोरच्या व्यक्तीला "तुम्ही" म्हण. ती स्त्री आहे की पुरुष, हे गृहीत धरू नकोस.

प्रथम अर्ज कोणत्या कार्यालयाकडे जाणार आहे, ते विचार. ते केंद्र शासनाचे असेल (उदाहरणार्थ रेल्वे, टपाल), तर सोबतची नियमावली त्याला लागू नाही, असे सांगून थांब.

एका वेळी एकच प्रश्न विचार. माहिती कशासाठी हवी, ते विचारू नकोस. आधार क्रमांक, बँक खाते, दूरध्वनी क्रमांक मागू नकोस. दिल्यास वापरू नकोस. नाव व पत्ता यांसाठी रिकामी जागा ठेव.

म्हणणे ऐकल्यावर "मला असे समजले" या शब्दांनी आरंभ करून ते दोन-तीन वाक्यांत सांग आणि बरोबर आहे का, ते विचार. एखादा शब्द बोलीतील असेल आणि त्याचा अर्थ नक्की ठाऊक नसेल, तर तो शब्द उद्धृत करून अर्थ विचार. दुजोरा मिळाल्याशिवाय अर्ज लिहू नकोस.

अर्जात "का", "कोणामुळे" असे प्रश्न ठेवू नकोस. त्याऐवजी त्यांची उत्तरे ज्या कागदपत्रांत मिळतील, ती मागून घे. विषय एकच ठेव. अर्जाचा मजकूर १५० शब्दांच्या आत ठेव. कोणावरही आरोप करू नकोस.

शुल्क, मुदत आणि अपील यांसंबंधी फक्त सोबतच्या टिपणातून सांग. टिपणात नसेल, तर "हे माझ्याकडील टिपणात नाही, कार्यालयात विचारून घ्यावे" असे म्हण.'

७.८ नमुन्यातील भाषिक निवडी

यंत्राला 'तू' म्हटले आहे, ते अनादराने नव्हे. आज्ञार्थी एकवचनात कर्ता आणि क्रिया संदिग्ध राहत नाहीत. 'विचारावे', 'लिहावे' ही विध्यर्थी रूपे कार्यालयीन मराठीत सभ्य वाटतात. परंतु 'अर्ज लिहिण्यापूर्वी विचारावे' या वाक्यात कोणी कोणाला विचारावे, हे वाचकाने ताडायचे असते. माणूस ताडतो. यंत्राच्या बाबतीत ते नशिबावर सोडू नये. (तुम्हाला यंत्रालाही 'तुम्ही' म्हणावेसे वाटत असेल, तर माझी हरकत नाही, फक्त सर्वत्र एकच रूप ठेवा.)

लिंगाचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. प्रमाण मराठीत वर्तमानकाळी क्रियापद कर्त्याचे लिंग उघड करते : 'मी करतो', 'मी करते'. सहायक यांपैकी काय म्हणणार? आणि समोरच्या व्यक्तीला 'कुठे गेला होता?' म्हणणार की 'गेल्या होत्या'? अहिराणीत ही अडचण पुष्कळशी नाहीच. 'मी करस' हे रूप स्त्री-पुरुष दोघांनाही चालते. प्रमाण मराठीत मार्ग काढायचा, तर वाक्यरचनेचा आधार घ्यावा लागतो. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात क्रिया कर्माप्रमाणे चालते : 'तुम्ही अर्ज कधी दिला?', 'तुम्ही पावती घेतली का?'. येथे विचारणाऱ्याला समोरच्याचे लिंग ठरवावे लागत नाही. भविष्यकाळातील 'मी लिहून देईन' हेही तसेच. तुमचा सहायक सारखा 'गेला होता' म्हणू लागला, तर सूचनापत्रात अशी दोन-तीन उदाहरणे घाला. नियम सांगण्यापेक्षा उदाहरण दिलेले यंत्राला अधिक चांगले कळते. विद्यार्थ्यांच्या बाबतीतही तेच आढळते.

'एका वेळी एकच प्रश्न' ही सूचना क्षुल्लक वाटेल. ती नसेल, तर सहायक पहिल्याच उत्तरात नऊ प्रश्नांची यादी समोर ठेवतो, आणि ज्याला मोबाइलवर मराठी टंकणे जड जाते, तो तेथेच सोडून देतो. पॉल ग्राइस यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या संवाद-सहकार्याच्या तत्त्वांत, आवश्यक तेवढेच बोलावे, असे एक तत्त्व आहे. संवाद-सेवांना ते मुद्दाम बजावावे लागते.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. 'माहीत नसेल, तर सांगू नकोस' एवढे म्हणणे पुरेसे नाही, कारण आपल्याला काय माहीत नाही, हे यंत्राला विश्वसनीयपणे कळत नाही. त्याऐवजी 'टिपणात आहे की नाही' ही तपासता येण्याजोगी कसोटी द्यावी, आणि नकार देण्याचे वाक्यही तयार करून द्यावे. वाक्य हाताशी असले की ते वापरले जाण्याचा संभव वाढतो. तरीही हा हमखास उपाय नव्हे.

७.९ टिपण कसे तयार करावे

सोबत जोडायचे टिपण एक-दीड पानाचे पुरे. शुल्क, मुदत, शब्दमर्यादा, अपिलाची पायरी आणि अर्जाचा विहित नमुना एवढे त्यात असावे. ते अधिकृत नियमावलीवरून स्वतः लिहावे आणि त्यावर तारीख घालावी. संपूर्ण शासकीय पुस्तिका जोडून देण्याचा मोह होतो. परंतु मराठीत त्याला एक अडसर आहे. अनेक जुने शासकीय दस्तऐवज श्रीलिपी, कृतिदेव अशा टंकांत तयार केलेले असतात. पडद्यावर ते देवनागरी दिसतात. आत मात्र रोमन अक्षरांची सरमिसळ साठवलेली असते. अशा फाइलमधील एक ओळ नक्कल करून टिपणवहीत चिकटवून पाहा. निरर्थक चिन्हे उमटली, तर यंत्रालाही तेवढेच दिसत आहे, असे समजा. त्या वेळी ते गप्प राहण्याऐवजी स्वतःच्या समजुतीने उत्तर रचण्याची भीती असते. युनिकोडमध्ये स्वतः टंकलेले एक पान अशा दोनशे पानांपेक्षा उपयोगी.

७.१० सहायकाची परीक्षा

सहायक कोणाच्या हाती देण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी. ज्याचे उत्तर तुम्हाला पक्के ठाऊक आहे, असा प्रश्न आधी विचारा : 'धुळे महानगरपालिकेकडे करायच्या अर्जाची शब्दमर्यादा किती?' मग सीमेबाहेरचा प्रश्न विचारा : 'भुसावळ रेल्वेकडे अर्ज करायचा आहे.' तो थांबतो की पुढे रेटतो, ते पाहा. मग 'पानी उनं नही' हे वाक्य द्या. मग रागाने बोला, विषयांतर करा, आधार क्रमांकासारखा एखादा काल्पनिक बारा अंकी क्रमांक मध्येच घाला. प्रत्येक चुकीपाशी सूचनापत्रातील कोणते वाक्य कमी पडले, ते शोधून दुरुस्त करा आणि तोच प्रश्न नव्या संभाषणात पुन्हा विचारा. जुन्याच संभाषणात विचारल्यास आधीच्या उत्तराचा प्रभाव राहतो.

अर्ज तयार झाल्यावर तो अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवावा आणि शक्य तर अहिराणीत समजावून सांगावा. नाव, पत्ता आणि स्वाक्षरी हातानेच व्हावी. दुसऱ्याची कागदपत्रे यंत्राच्या हवाली करण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला म्हणून हे सांगत नाही. शेजाऱ्याचा सातबारा त्याला न विचारता चावडीवर वाचून दाखवू नये, एवढी समज आपल्याकडे कायद्याच्या आधीपासून आहे.

७.११ अन्य उपयोग

याच पद्धतीने अभ्यासाचा सोबती करता येतो. एका घटकाची तुमची टिपणे जोडून, 'उत्तर सांगू नकोस. प्रश्न विचार आणि माझ्या उत्तरातील उणीव दाखव' अशी सूचना द्या. बचतगटाच्या बैठकीचे इतिवृत्त, दुकानाच्या उधारीची सौम्य आठवणपत्रे यांसाठीही असा सहायक चालतो. शेतीच्या बाबतीत मात्र मर्यादा घालावी. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि रावेर-यावलच्या बागांतून रोज शेकडो प्रश्न निघतात, हे खरे. पण औषधाची मात्रा स्वतः घडविलेल्या सहायकाला विचारू नये. राज्याच्या कृषी विभागाने २०२५ मध्ये 'महाविस्तार' हे मराठीतून उत्तरे देणारे ॲप आणले आहे. त्यावरील उत्तरही फवारणीपूर्वी सहायक कृषी अधिकाऱ्याकडून आणि डब्यावरील छापील सूचनांवरून ताडून घ्यावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. पुढील तक्रारीचे माहितीच्या मागणीत रूपांतर करा (शब्दमर्यादा ६०) : 'शाळेच्या खोल्या मागच्या वर्षी दुरुस्त केल्या म्हणतात, मग छत गळते कसे?'

२. 'अर्जदारास विचारून कागदपत्रे घ्यावीत व नंतर कळवावे' या वाक्यात यंत्राच्या दृष्टीने कोणत्या संदिग्धता आहेत? त्या दूर करून वाक्य पुन्हा लिहा.

३. तुमच्या बोलीतील असे तीन शब्द लिहा, ज्यांचा प्रमाण मराठीत वेगळा किंवा उलटा अर्थ होईल. प्रत्येकाचे एक वाक्य द्या.

क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातील लिहिता न येणाऱ्या एका व्यक्तीची, तिच्या संमतीने, तिच्याच बोलीत एखादी सार्वजनिक अडचण ऐकून घ्या. तिचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवा. नाव व ओळख पटेल असा तपशील वगळून ते तुमच्या सहायकाला द्या. सहायकाचे 'मला असे समजले' हे निवेदन त्या व्यक्तीला वाचून दाखवा आणि तिने सुचविलेल्या दुरुस्त्या लाल शाईने नोंदवा. मूळ निवेदन, सहायकाचे आकलन, दुरुस्त्या आणि अंतिम अर्ज अशी चार पाने, सूचनापत्राच्या पहिल्या व शेवटच्या आवृत्तीसह, अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात समंत्रकांना सादर करा. अर्ज प्रत्यक्ष पाठवायचा की नाही, हे त्या व्यक्तीनेच ठरवायचे आहे. तिने पाठविल्यास पोचपावतीची तारीख वहीत टिपून ठेवा आणि तेथून ३० दिवस मोजा.